दोन रिपीटर, एक टॉवर आणि न थांबणारी घरघर

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या एका टॉवरवर दोन रिपीटर होते. रिपीटर म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं दुसरीवर जोरात पुन्हा प्रक्षेपित करणारं यंत्र. पहिला १४६.७०० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करायचा आणि १४६.१०० वर ऐकायचा. दुसऱ्याचं प्रक्षेपण १४७.३०० वर, ग्रहण १४७.९०० वर. एकेकटे चालवले की दोन्ही ठणठणीत. पण दोन्हींवर एकाच वेळी कुणी बोललं की घरघर सुरू व्हायची आणि बोलणारे गप्प झाले तरी रिपीटर सुटायचे नाहीत, म्हणजे प्रक्षेपण थांबवायचे नाहीत. ठरावीक वेळेनंतर प्रक्षेपण आपोआप बंद करणाऱ्या टाइमआउट टायमरने तोडल्यावरच सुटका.

मला बोलावणं आलं ते ‘रिसीव्हरला एक चांगली कॅव्हिटी लावून द्या’ असं. कॅव्हिटी म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एक अरुंद पट्टाच जाऊ देणारा फिल्टर. मी आधी गणित मांडलं. दोन सिग्नल एकमेकांत मिसळले की एकाच्या दुपटीतून दुसरा वजा केल्यावर येणारी नवी फ्रिक्वेन्सीही तयार होते. १४६.७ ची दुप्पट २९३.४, त्यातून १४७.३ गेले, उरले १४६.१. म्हणजे थेट पहिल्याची ऐकण्याची फ्रिक्वेन्सी! उलटं केलं तर १४७.३ ची दुप्पट २९४.६, वजा १४६.७, उरले १४७.९. तीही नेमकी दुसऱ्याची. दोघं एकमेकांना जागं ठेवत होते. जे ऐकायचं त्याच फ्रिक्वेन्सीवर कचरा येऊन पडत असेल तर कॅव्हिटी काय गाळणार? टोन स्क्वेल्च, म्हणजे ठरलेला टोन आला तरच रिसीव्हर उघडणारी सोय, तोही उपयोगाचा नव्हता. दोन्हींच्या प्रक्षेपणात टोन असल्यामुळे तो मिश्रणातही उतरत होता. शिवाय कचऱ्याखाली दबलेलं हँडसेटवरचं दुबळं स्टेशन टोनने वर येत नाही, आणि अडचणीच्या वेळी आधार असतो तो अशाच स्टेशनांचा.

आता प्रश्न एवढाच, की मिश्रण तयार होतंय कुठे. पहिल्याच्या रिसीव्हरच्या तोंडाशी सिग्नल ३ डेसिबेलने कमी करणारा ॲटेन्युएटर लावला. मिश्रण रिसीव्हरच्या पोटात होत असतं तर ते साधारण ९ डेसिबेलने पडलं असतं, कारण ते तिसऱ्या क्रमाचं, म्हणजे मूळ सिग्नल जितके डेसिबेल घटतात त्याच्या तिप्पट घटणारं. पडलं जेमतेम ३. म्हणजे ते बाहेरूनच तयार होऊन येत होतं.

संशय ट्रान्समीटरच्या शेवटच्या ॲम्प्लिफायरवर गेला. शेजाऱ्याचा सिग्नल अँटेनातून उलटा आत शिरतो आणि तिथेच मिसळतो. दोन्हींतलं अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ, आणि एकाच अँटेनावर प्रक्षेपण आणि ग्रहण वेगळं ठेवणारा तिथला खाचवाला डुप्लेक्सर स्वतःची ग्रहणाची फ्रिक्वेन्सी अडवायला बनवलेला. शेजाऱ्याला तो रोखत नाही. म्हणून दोन्ही ट्रान्समीटरना आयसोलेटर लावले. जाणारी शक्ती थोडीशीच घटते, परत येणारी मात्र डमी लोडमध्ये, म्हणजे शक्तीची उष्णता करणाऱ्या रोधकात, जिरते. आयसोलेटरमधलं फेराइट स्वतःही हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल, काढतं, त्यामुळे त्याच्यापुढे अँटेनाच्या बाजूला, वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर हवाच. घाईत हा नेहमी राहून जातो.

१४७.९ स्वच्छ झाली. १४६.१ वर मात्र वारा सुटला की चरचर उरत होती. टॉवरच्या खालच्या टप्प्यावर जुन्या अँटेनाचा गंजलेला, वापरात नसलेला क्लॅम्प लटकत होता. कोरड्या लांब लाकडी काठीने तो हलकेच हलवला, तशी मीटरची सुई उसळली. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि तिथेही मिश्रण होतं. क्लॅम्प काढून टाकला, आसपासचे बोल्ट घासून आवळले.

मग दोन्ही रिपीटर एकदम चालू ठेवून दूरवरच्या एका सदस्याला हँडसेटची शक्ती सर्वांत कमी ठेवून बोलायला सांगितलं. त्याचा प्रत्येक शब्द ऐकू आला आणि त्याने बटण सोडताच रिपीटरही सुटला.