मालवणच्या हिरव्या पाण्यातला पहिला कॅमेरा : बॅकस्कॅटरवर तोडगा

बॅकस्कॅटरचा, म्हणजे पाण्याखालच्या छायाचित्रांत पाण्यातले कण उजळून उमटणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांचा, प्रश्न सुटला, आणि तो स्ट्रोब (कॅमेऱ्याबाहेर लावायचा वेगळा फ्लॅश) विकत न घेता सुटला. मागच्या नोंदीत दिलेल्या छायाचित्रांत मासा कमी आणि पांढरे ठिपके जास्त होते. या वेळी सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या खडकांत ब्लेनी या छोट्या माशाचे असे छायाचित्र मिळाले, की त्यात ठिपका शोधावा लागतो. डोळ्यांवरचे फांद्या फुटल्यासारखे तंतू त्यात एकेक वेगळे दिसतात आणि बुबुळाभोवतीचे तांबडे कडे खरोखर तांबडे आले आहे. बारा मेगापिक्सेलच्या एवढ्याशा सेन्सरकडून याहून अधिक मागावे असे मला वाटत नाही.

साठ हजार रुपयांत दिव्यासकट सर्व बसवायचे, ही अट कायम होती आणि तिच्यामुळेच वापरलेला ऑलिंपस टीजी-६ आणि त्याचे पीटी-०५९ हाउसिंग (कॅमेरा बसवायची जलरोधक पेटी) यांवर निवड स्थिरावली. ॲक्शन कॅमेऱ्याचा मी बराच विचार केला होता. कर्नाटकच्या किनाऱ्याजवळचे नेत्राणी बेट किंवा अंदमान यांच्या स्वच्छ पाण्यात रुंद दृश्याचा व्हिडिओ घ्यायचा असेल तर तो आजही मी सुचवीन, परंतु त्याचा फोकस बांधलेला असल्याने वीतभर अंतरावरची वस्तू धूसर येते, आणि मालवणात तर बहुतेक वेळा वीतभर अंतरावरचेच टिपण्याजोगे असते. सोनी आरएक्स१०० ची प्रतिमा निर्विवाद सरस आहे. मात्र त्याच्या हाउसिंगमध्ये पाणी शिरले की कॅमेरा संपला. टीजी-६ स्वतःच १५ मीटरपर्यंत जलरोधक आहे आणि हाउसिंग ४५ मीटरपर्यंतचे आहे, त्यामुळे उथळ डाइव्हमध्ये ओ-रिंगने (हाउसिंगची फट बंद करणाऱ्या रबरी कड्याने) दगा दिला तरी कॅमेरा वाचण्याची आशा राहते. पहिल्याच कॅमेऱ्यासाठी हे दुहेरी संरक्षण मला सेन्सरच्या आकारापेक्षा मोलाचे वाटते. मालवणचे पाणी उथळ आहे, मग हाउसिंगचा खर्च कशाला, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. बॅटरीच्या झाकणाच्या रबरावर वाळूचा एक कण राहिला तरी त्या १५ मीटरना अर्थ उरत नाही, आणि ओपन वॉटर या डाइव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादाच मुळी १८ मीटर आहे.

मुंबईत बोरा बाजारात वापरलेला कॅमेरा नीट तपासून मिळाला. हाउसिंग मात्र परदेशातून मागवावे लागले आणि सीमाशुल्क धरून ते कॅमेऱ्याच्या जवळपास किमतीला पडले. वापरलेले हाउसिंग स्वस्तात मिळत होते, पण ज्याच्या ओ-रिंगची खाच आणि काचेची कड कोणी कशी सांभाळली ते कळत नाही, त्यावर मी पैसे लावणार नाही. ओ-रिंगला उत्पादकाने दिलेलेच सिलिकॉन ग्रीस लावावे. पेट्रोलियम जेली कोणी कितीही सुचवली तरी लावू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कर्ली आणि कालावलच्या खाड्यांतून येणारा गाळ आणि पाण्यातले प्लवक (तरंगते सूक्ष्म जीव) यांमुळे इथली व्हिजिबिलिटी, म्हणजे पाण्यातून दिसण्याचे अंतर, फार कमी असते. कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश भिंगाला जवळजवळ चिकटून असतो, त्यामुळे तो भिंग आणि मासा यांच्यामधल्या पाण्याचा सगळा स्तंभ उजळतो आणि त्यातला प्रत्येक कण तो प्रकाश सरळ भिंगाकडे परत धाडतो. फ्लॅशवर डिफ्यूजर (प्रकाश पसरवणारा पांढुरका पडदा) लावल्यावर प्रकाश मऊ झाला, पण तो अधिक पसरल्याने ठिपके वाढले. फ्लॅश बंद केला तर पहिल्या काही मीटरमध्येच लाल रंग गळून गेलेला असल्याने सगळे हिरवे आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) चढल्यामुळे रवाळ आले. लाल फिल्टरने तर चित्र मातकट झाले, कारण तो निळ्या पाण्यासाठी असतो. हिरव्या पाण्याला मॅजेंटा लागतो. त्यात टीजी-६ मध्ये संपूर्ण मॅन्युअल मोड नाही. ए मोडमध्ये भिंगाच्या छिद्राचे मोजकेच पर्याय मिळतात आणि शटर कॅमेराच ठरवतो.

उत्तर सापडले ते दिव्याच्या जागेत. फ्लॅश पूर्ण बंद ठेवून रुंद झोताचा व्हिडिओ लाइट ट्रेच्या (हाउसिंग बसवायच्या पट्टीच्या) डाव्या आर्मवर, म्हणजे दांड्यावर, हाउसिंगपासून हातभर दूर आणि हाउसिंगच्या पुढच्या काचेच्या किंचित मागे नेला, आणि तो माशाकडे न रोखता बाहेरच्या बाजूला थोडा वळवला, असा की झोताची फक्त कड माशाला स्पर्श करील. मधले पाणी अंधारात राहिले आणि ठिपके नाहीसे झाले. दिवा सतत जळत असल्याने कॅमेऱ्याचे मोजमाप आणि फोकस दोन्ही त्यालाच धरून चालले. एक्स्पोजर एका स्टॉपने (प्रकाश निम्मा करून) खाली ओढल्यावर मागचे हिरवे पाणी गडद झाले. झूम वापरलाच नाही, कारण झूमने मासा मोठा दिसला तरी मधले पाणी कमी होत नाही. मायक्रोस्कोप मोडमध्ये भिंगापासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो खरा, परंतु एवढ्या जवळ हाउसिंगचीच सावली पडते. वितीपेक्षा थोडे कमी अंतर सर्वांत सोयीचे ठरले. हे करताना बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता स्थिर तरंगणे, पक्की हवी. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, छायाचित्रासाठी प्रवाळावर टेकणे तिथे कोणत्याही सबबीखाली चालणार नाही.

एक अडचण उरली आहे. दिवा एका बाजूला असल्याने ट्रे सतत डावीकडे कलतो आणि मनगट भरून येते. कार्बन फायबरचे तरंगते आर्म महाग आहेत आणि फोमचे तुकडे खोलीवर दबून उचल गमावतात. जाळ्यांना बांधतात तसला कडक प्लास्टिकचा छोटा बोया आर्मला बांधून पाहणार आहे. मालवणच्या बंदरावर तो सहज मिळतो.

पुढची खरेदी स्ट्रोबची, असे मी मागे लिहिले होते आणि त्याला कॅमेऱ्याशी जोडणाऱ्या फायबर ऑप्टिक केबलची चौकशीही चालू होती. परंतु वरचा परिच्छेद लिहितानाच वाटले, की झोताची कड एवढे काम करीत असेल तर झोतच अरुंद का करू नये? नळकामाच्या दुकानातला पीव्हीसी रिड्यूसर (एका टोकाला अरुंद होणारा जोड) आतून काळा रंगवून दिव्याच्या तोंडावर बसवला तर साधा स्नूट (झोत अरुंद करणारी नळी) होईल आणि फक्त माशाचे डोके उजळता येईल. त्याला कडेने भोके ठेवावी लागतील, म्हणजे पाणी खेळते राहून दिवा तापणार नाही. तेव्हा स्ट्रोब ऑक्टोबरमध्ये हंगाम उघडेपर्यंत लांबणीवर टाकला आहे आणि मे संपण्याआधी हा स्नूट पाण्यात उतरवायचा आहे. कोणी असा प्रयोग केला असेल तर रिड्यूसरचे अरुंद तोंड किती मिलिमीटरचे ठेवले आणि दिवा रोखायला किती वेळ लागतो, ते जरूर कळवावे.