आमची वाटचाल : धार, दुरुस्ती आणि जुने घडीचे चाकू

पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीच्या मागच्या बोळात आमचं दुकान. वडिलांच्या हातात होतं तेव्हा ते निव्वळ धारेचं दुकान होतं. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, अडकित्ते, लग्नसराईत आचाऱ्यांच्या सुऱ्या. मग न्हाव्यांनी ब्लेड बदलायचे वस्तरे घेतले आणि अर्धं गिऱ्हाईक गेलं. तेव्हा वडील जुन्या बाजारात जाऊन गंजलेले घडीचे चाकू उचलू लागले, नीट करून संग्राहकांना विकायला. बुधवारी नाहीतर रविवारी, उजाडायच्या सुमाराला. उशिरा जाणाऱ्याला तिथे कचराच मिळतो, हे आजही खरं आहे. त्या ढिगात इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचे चाकू निघायचे, पात्याच्या बुंध्यावर तारा आणि क्रॉस कोरलेले. जर्मनीतल्या सोलिंगेनचे निघायचे. क्वचित लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल निघायचा, आणि भंगारवाला त्याला ‘पेन्सिलचा चाकू’ म्हणून वेगळा टाकायचा.

धंद्यात वडिलांचे भागीदार शिकलगार चाचा. पैसा वडिलांचा, हात चाचांचा, नफा निम्मा निम्मा. कागद कधी झाला नाही आणि भांडणही. चाचांची सान, म्हणजे धारेचं चाक, त्यांनी स्वतः केलेली, कुरुंदाची पूड लाखेत कालवून. ती हळू फिरायची आणि कायम ओली असायची. पातं बोटाला कोमट लागलं तरी ते थांबायचे. पोलाद तापलं की आधी गवती पिवळं दिसतं, मग तपकिरी, जांभळं आणि शेवटी निळं. निळं पडलं की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग त्या पात्याला कितीही धार लावा, चार आंबे कापेपर्यंत ती टिकत नाही.

दुसरं काम खिळीचं. घडीच्या चाकूचा जीव त्या एका खिळीत असतो. आमची ऐरण म्हणजे रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा, वर आरशासारखा घोटलेला. हातोडी छोटी, तोंड गुळगुळीत. पितळी तार ओवायची, जेमतेम वर ठेवून कापायची आणि डोकं हळूहळू फुलवायचं. एक ठोका जास्त पडला तर चाकू नखाने उघडत नाही, एक कमी पडला तर पातं डुलतं. चाचा ठोके ऐकून सांगायचे, ‘‘बस, आता हात काढ.’’ मागची स्प्रिंग शाबूत असली की मिटताना ‘टक्क’ असा भरीव आवाज येतो. जुना चाकू घेणाऱ्याने डोळ्यांच्या आधी कानांनी बघावं. नवीन पोरगा कामाला आला की आम्ही त्याला पहिल्या आठवड्यात केळकर संग्रहालयात पाठवतो. दिनकर केळकरांनी जमवलेल्या अडकित्त्यांचे सांधे बघून ये म्हणतो. नक्षी सगळेच बघतात.

चाचा गेले, वडील थकले, दुकान माझ्याकडे आलं. मधली बरीच वर्षं बरी गेली.

मग समोर दुसरं दुकान उघडलं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. आमच्याच सानेवर बसून शिकलेला मुलगा. त्याने मोठी बफिंग मोटर, म्हणजे घासून चकाकी आणणारं यंत्र, घेतली आणि येईल तो चाकू आरशासारखा चमकवून द्यायला लागला. गिऱ्हाईक खूश. आमच्याकडे चाकू दिला की गंज जायचा, काळपट झाक तशीच राहायची, आणि वर आम्ही पैसे जास्त घ्यायचो. संग्राहक त्या काळपटपणाचेच पैसे देतात हे किती जणांना समजावणार? बफवर धरलेल्या पात्याच्या कडा गोल होतात आणि बुंध्यावरची अक्षरं पुसतात. ती अक्षरं म्हणजे चाकूचा जन्मदाखला. ‘व्ही. आर.’ असेल तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १९०१ च्या आतला. ‘जी. आर.’ असेल तर राजा जॉर्जचा, म्हणजे बहुधा नंतरचा. ‘इंग्लंड’ लिहिलेलं असेल तर बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं ते तेव्हा. हे सगळं त्याने बफवर घालवलं आणि लोकांनी त्याला वर बक्षिसी दिली.

एकदा आमच्या एका संग्राहकाने त्याच्याकडून ‘पेशवेकालीन’ चाकू आणला. पातं मी भिंगाखाली धरलं तर बुंध्यावर ‘स्टेनलेस’. शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद केलं १९१३ साली. पेशवाई बुडाली १८१८ ला. गिऱ्हाइकाचं तोंड बघवेना. मी काही बोललो नाही, फक्त भिंग त्यांच्या हातात दिलं.

इथपर्यंतही चाललं असतं. पण पुढे त्याने बटणचाकू ठेवायला सुरुवात केली आणि ते फटाफट उघडण्याचे व्हिडिओ टाकले. व्हायचं तेच झालं. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर पोलिसांची मोहीम आली आणि ‘चाकूवाले’ म्हणून अख्खी गल्ली एका मापाने मोजली गेली. खरं तर नियमात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. आमच्या कपाटातलं सर्वांत मोठं पातं चार इंचांचं. फूटपट्टी काढून दाखवली. कोण ऐकतो? पंचनामा झाला, दुरुस्तीला आलेला गिऱ्हाइकांचा मालसुद्धा मुद्देमाल म्हणून गेला.

परत मिळाला तो दिवाळीनंतर. सगळे चाकू एका गोणपाटात, एकावर एक, पावसाळाभर. त्यात दोन जुने सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकच्या, मुठीचे होते. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारचं पोलाद खातं. त्या दोन मुठींनी आजूबाजूची सगळी पाती खाल्ली. वडिलांनी स्वतःसाठी ठेवलेला रॉजर्स त्यातच होता. गिऱ्हाइकांची भरपाई करता करता दुकानाचं डिपॉझिट मोडायची वेळ आली. समोरच्याचं काय झालं? त्याने आठवडाभरात नवा माल भरला.

तेव्हा धावून आले ते तासगावचे आप्पा. आप्पांची द्राक्षाची कलमं भरणाऱ्या माणसांची टोळी आहे. डॉगरिज जातीच्या द्राक्षाच्या खुंटावर पाचर कलम करायचं, तर चाकू एकाच बाजूने घासलेला लागतो, दुसरी बाजू काचेसारखी सपाट. दोन्ही बाजूंनी घासलेलं पातं काडीत घुसतं आणि काप वाकडा जातो. मग खुंट आणि काडी यांच्यात फट राहते आणि कलम वाळतं. डावखुऱ्याचा चाकू उलट्या बाजूने घासावा लागतो, हेही बऱ्याच धारवाल्यांना माहीत नसतं. आप्पा कित्येक वर्षं हंगामाआधी पोतडी घेऊन एसटीने येतात आणि चाकू होईपर्यंत दुकानातच बसतात. त्या वर्षी हंगाम संपलेला असताना आले. पुढच्या साली जेवढं काम निघेल त्याचे पैसे गल्ल्यावर ठेवले.

मी म्हटलं, ‘‘आप्पा, अजून काम कुठंय?’’

‘‘मालक, काम येतंय की. तुमी शटर ओढलं तर माजी पोरं बोटं कापून घेत्यात. समोरच्याकडनं एकदा धार लावून आणली हुती, दुपारपातूर चाकू बोथट. पातं बघा, निळं हाय.’’

आप्पांनी चाचांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्या निळ्या पात्यावर बोट ठेवलं ते नेमकं चाचा ठेवायचे तिथे.

आज निम्मं काम कलमाच्या चाकूंचं आहे आणि निम्मं संग्राहकांचं. समोरचं दुकान आता मोबाइलची कव्हरं विकतं.

नव्याने चाकू जमवणाऱ्यांना न विचारता सांगतो. चाकू चामड्याच्या म्यानात साठवू नका, चामडं ओल धरतं आणि पितळावर हिरवं चढतं. खोबरेल लावू नका, ते खवट होऊन चिकटतं. शिलाई मशीनचं तेल पुरतं, एक थेंब सांध्यात, एक पात्यावर. सेल्युलॉइडचा डबा वेगळा. पात्याला नक्षीदार लाटा दाखवून कुणी ‘दमास्कस’, म्हणजे थर जोडून घडवलेलं पोलाद, म्हणालं तर कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर मारून पुन्हा आम्लात बुडवायला सांगा. खरी नक्षी परत उमटते, छापलेली कायमची जाते. विकणारा नाही म्हणाला तर उठा. हस्तिदंती मूठ आमच्याकडे आणू नका, आजोबांची असली तरी. तिचा व्यवहार कायद्याने बंद आहे. आणि चाकू खिशात घालून मिरवू नका, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश कधी लागू असेल सांगता येत नाही.

पार्सलने पाठवणार असाल तर पातं मिटवून, वर रबर न लावता सुती कापडात गुंडाळा. रबराचा डाग निघत नाही. गुरुवारी दुकान बंद. आप्पांचं काम असतं त्या महिन्यात इतरांना थांबावं लागेल.