एक टाका मारून द्या की! : आमची वाटचाल

"मालक, एवढा एक टाका मारून द्या की." कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंगचं शेड असलं की हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकावं लागतं. आमचा धंदा त्यावरच उभा राहिला, आणि एकदा त्याच टाक्यानं आमची लाजही काढली.

अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, शेड घेतलं ते ग्रील, गेट आणि उसाच्या ट्रॉल्यांसाठी. मोटारसायकलची कॅरियर आली ती गवळ्यांमुळं. तेव्हा खेड्यातलं दूध राजदूतवरून यायचं. मूळ पोलंडच्या एसएचएल कंपनीच्या घराण्यातली ही १७५ सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन लटकवून कच्च्या रस्त्यानं निघायची. नुसत्या दुधाचंच वजन ८० किलोच्या वर. चीर पडणार हे ठरलेलंच. अण्णा आर्कनं, म्हणजे विजेच्या वेल्डिंगनं, जाडजूड टाका मारायचे, वर काळा रंग. गवळी खूश. सहा महिन्यांनी पुन्हा हजर, तरी खूशच!

मी धंद्यात आलो तोवर म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद पडला होता (१९९६). राहिलेल्या गाड्या लोक जीव लावून सांभाळू लागले. असेच एक गुरुजी येझदीची रोडकिंग घेऊन आले. क्रोमचं पाइपचं कॅरियर, वाकणाजवळ केसासारखी चीर. मी अण्णांच्याच पद्धतीनं टाका मारला. तीन आठवड्यांनी त्यांची बॅग आंबा घाटात रस्त्यावर. गुरुजी ओरडले नाहीत. कॅरियर टेबलावर ठेवून म्हणाले, "तुमचा टाका शाबूत आहे बघा."

खरंच होता. पाइप तुटला होता टाक्याला चिकटून, अगदी कडेला. पातळ पाइपवर आर्कचा जाड थर बसला की ती जागा ताठ होते, शेजारचा पाइप मात्र गाडीच्या थरथरीनं हलत राहतो. मग सगळा ताण त्या कडेवर येतो.

त्या रात्री झोप लागली नाही. शेजारच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री होते, सायकलच्या फ्रेमींना ब्रास मारण्यात, म्हणजे पितळेनं सांधे जोडण्यात, हयात गेलेली. त्यांच्याकडं बसू लागलो. पहिलं शिकवलं ते चीर शोधणं: घासलेट लावा, कोरडं पुसा, वर खडू फासा. थोड्या वेळानं चिरेतलं घासलेट खडूत उतरतं आणि चीर कुठवर गेली ते दिसतं. डोळ्यांना दिसते त्याहून ती बहुतेकदा लांबच असते. मग क्रोम घासून काढायचं, कारण त्यावर उष्णता दिली की निघणारा धूर विषारी. (आम्ही ही चूक वर्षानुवर्षं केली.) खराब तुकडा कापून पाइपच्या आत घट्ट बसणारी बाही, म्हणजे छोटी नळी, सरकवायची, गरम हवा निघायला लपत्या जागी बारीक भोक ठेवायचं, आणि टाकणखार लावून पितळेची काडी वितळवायची. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, पोलादाला १,४०० च्या वर लागतात. त्यामुळं पाइप जळत नाही. एक मात्र, ब्रास मारलेल्या जागी पुढं आर्क नीट धरत नाही.

मिस्त्रींनी खरी गोष्ट शेवटी सांगितली. बोल्ट न आवळता कॅरियर गाडीवर नुसतं ठेवून बघ म्हणाले. गुरुजींचं कॅरियर एका बाजूला पाच मिलिमीटर उचललेलं. गाडी कधीतरी आडवी पडली असणार, आणि नंतर प्रत्येकानं बोल्टनं ओढून बसवलेलं. सामान न ठेवताच त्या पाइपवर चोवीस तास ताण! टाका सोन्याचा मारला असता तरी तुटला असता. कॅरियरचे पाय गरम करून सरळ केले, बोल्टखाली रबरी वॉशर घातले. पैसे घेतले नाहीत. ते कॅरियर पुन्हा आलं नाही, गुरुजींचे ओळखीचे मात्र येत राहिले. आज शेडमध्ये गेटपेक्षा जुन्या गाड्या जास्त असतात.

गेल्या पावसाळ्यात पुण्याचा एक मुलगा आजोबांची राजदूत घेऊन आला. कॅरियरच्या पट्टीला कॅनच्या कडीनं घासून पडलेली खाच होती. "तेवढी भरू नका," म्हणाला. चीर दुरुस्त केली, खाच ठेवली. कामाला दोन दिवस गेले. बिल लिहायला अण्णा बसले, आणि कामाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : 'टाका – १'.