टेंभू की बळीराजा?

आमच्या विट्याकडं पाण्यावरून दोन पार्ट्या. आमचे आण्णा टेंभू उपसा योजनेवाले. कराडजवळ कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून पार आटपाडी-सांगोल्याकडं न्यायचं. त्यामुळं माळावर ऊस दिसायला लागला, हे खरंच. पण उपसा म्हटला की वीजबिल आलं, आणि ते कुणी भरायचं यावर कट्ट्यावर रोज भांडण.

मला येरळा नदीवरचं छोटं बळीराजा धरण जास्त पटतं. ऐंशीच्या दशकात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी नदीतलीच वाळू विकून पैसा उभा केला, आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा ठरवला. सगळ्यात भारी गोष्ट तीच! एवढ्याशा बंधाऱ्यावर तालुका भिजत नाही, असं आण्णा ऐकवतात. नाहीच भिजत. पण आण्णा, तुमच्या दोन एकर उसाला पाटाचं पाणी, आणि तो तोडणाऱ्याच्या घरात टँकरचं, ते का?