योगशिक्षकाचा घसा, मांडी आणि झोप

हठप्रदीपिकेच्या पहिल्या प्रकरणात योग बुडवणाऱ्या सहा गोष्टी दिल्या आहेत: अत्याहार (अति खाणं), प्रयास (अति श्रम), प्रजल्प (फार बोलणं), नियमाग्रह (नियमांचा हट्ट), जनसंग (सतत माणसांत राहणं) आणि लौल्य (मनाचा चंचलपणा). पुण्या-ठाण्यात दिवसाला तीन-चार बॅच घेणाऱ्या शिक्षकाचं वेळापत्रक या यादीशेजारी ठेवून पाहा. बोलणं, माणसांत राहणं आणि शरीर शिणवणं हेच त्याचं काम आहे. साधकाने ज्या गोष्टी टाळायच्या, त्यांवरच शिक्षकाचं पोट चालतं. म्हणून शिकवणाऱ्याची पथ्यं वेगळी असायला हवीत, आणि ती मॅट गुंडाळल्यावरच्या वेळात पाळायची असतात. या विषयावर बोलताना लोक लगेच सकारात्मक विचारांकडे वळतात. माझ्या मते सुरुवात घशापासून करावी.

सोसायटीचा हॉल, वर गरगरणारे पंखे, समोर वीस-पंचवीस माणसं, आणि शिक्षक अधोमुख श्वानासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) राहूनच सूचना देतोय, हे चित्र सगळीकडे दिसतं. डोकं खाली लोंबत असताना पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू आसन धरण्यात गुंतलेले असतात. आवाजाला श्वासाचा आधार मिळत नाही, मग तो घशातून ढकलला जातो. हे दिवसातून तीनदा झालं की आठवड्याच्या शेवटी आवाज फाटतो. उपाय साधा आहे: दाखवायचं तेव्हा बोलायचं नाही, बोलायचं तेव्हा उभं राहायचं. आधी आसन गप्प राहून दाखवा, मग लोकांमध्ये फिरत सूचना द्या. एका श्वासाला एक सूचना पुरते. ‘आता आपण काय करणार आहोत तर...’ अशी प्रस्तावना काढून टाकली तरी तासाभरातलं बरंच बोलणं कमी होतं. ज्ञानोबांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याला ‘मितला बोलीं बोलिजे’, म्हणजे मोजकं बोलावं, असं म्हटलंय, ते शिक्षकाने शब्दशः घ्यावं.

पंखे आणि प्रतिध्वनी असलेल्या हॉलमध्ये कॉलरला लावायचा माइक ही चैन नाही. 21 जूनच्या, म्हणजे योग दिनाच्या आठवड्यात तर तो हवाच. तेव्हा शाळा, कंपन्या, मैदानं अशी आमंत्रणं येतात आणि 45 मिनिटांचा कॉमन योगा प्रोटोकॉल (योग दिनासाठी सरकारने ठरवलेला आसन-प्राणायामाचा क्रम) दिवसातून दोन-तीनदा उघड्यावर सांगावा लागतो.

घसा खाकरण्याची सवयही मोडायला हवी. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्यांना सूज येते, सूज आली की पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या किंवा नुसता आवंढा गिळा. मात्र बॅचच्या मधे प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना लगेच ओलं करत नाही. ते घशातून थेट अन्ननलिकेत जातं, आणि शरीरात मुरून तिथवर पोचायला वेळ लागतो. म्हणून सकाळच्या बॅचसाठीचं पाणी आदल्या संध्याकाळपासून प्यावं.

थकलेल्या आवाजासाठी स्ट्रॉचा व्यायाम चांगला. अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ दोनेक सेंटिमीटर बुडवा आणि ‘ऊऽऽ’ असा हलका आवाज काढत बुडबुडे सोडा. मधे थांबत पाच मिनिटं पुरे. गाल मोकळे आणि खांदे खाली. बुडबुडे उसळून पाणी बाहेर येत असेल तर जोर जास्त होतोय. भ्रामरीही (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडायचा प्राणायाम) जवळपास हेच काम करते, पण ती मंद असेल तरच. हॉल दणाणवणारी भ्रामरी थकलेल्या घशाला शिक्षा आहे. आवाज बसला असताना कुजबुजून शिकवणं हा तर गैरसमजच, त्यातही घशावर ताण येतो. घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकला तर काढे बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावं.

घशाचं दुसरं दुखणं ताटातून येतं. संध्याकाळची बॅच साडेआठला संपते, जेवण सव्वानऊला, तेही दिवसभराच्या भुकेने भरपेट, आणि पहाटे साडेचारचा गजर असल्याने दहाला पाठ टेकायची. आडवं झाल्यावर आम्ल वर येतं आणि सकाळी घसा जड, आवाज खरखरीत. शिक्षक त्याचा दोष शिकवण्याला देतो. मुख्य जेवण दुपारी साडेबारा-एकला ठेवा: भाकरी, उसळ, भाजी, ताक. संध्याकाळच्या बॅचआधी दीड-दोन तास मूठभर शेंगदाणे-फुटाणे आणि एखादं केळं. रात्री वाटीभर मुगाची खिचडी किंवा वरण-भात, आणि झोपण्याआधी दोन-तीन तासांचं अंतर. हे अंतर जमत नसेल तर खरा प्रश्न बॅचच्या वेळेचा आहे, खिचडीने तो सुटत नाही.

आता मांडी. शिकवणाऱ्यांमध्ये नितंबाखाली, ज्या हाडावर आपण बसतो तिथे, एका बाजूला दुखणं फार आढळतं. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग स्नायू तिथे टेंडनने हाडाला जोडलेला असतो. पश्चिमोत्तानासन (पाय लांब करून बसून पुढे वाकणं) दाखवताना शिक्षकाचं शरीर थंड असतं, कारण मागची दहा मिनिटं तो उभा राहून बोलत होता. तो थेट शेवटच्या स्थितीत जातो, तेही रोज, प्रत्येक बॅचमध्ये. पुढे वाकताना टेंडन हाडावर ताणलाही जातो आणि दाबलाही जातो. दुखायला लागलं की योगाची माणसं एकच गोष्ट करतात, आणखी ताणतात. तिथेच दुखणं जुनं व्हायला लागतं.

करायचं उलट. पुढे वाकणारी आसनं काही आठवडे गुडघे वाकवून, अर्ध्यावर थांबून करा. त्याच वेळी स्नायूला ताकद द्या. पाठीवर झोपून, टाचा नेहमीच्या सेतुबंधापेक्षा वीतभर पुढे ठेवून कंबर उचला, 30 ते 45 सेकंद धरा, मधे मिनिटभर थांबून चार-पाच वेळा. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर टाचा थोड्या जवळ घ्या. तसंच राहिलं किंवा कमी झालं तर हळूहळू एका पायावर या. याला महिने लागतात, आठवडे नाहीत. दुखणं पायात खाली उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर कंबर तपासायला हवी आणि हा व्यायाम थांबवायला हवा.

दाखवण्यातली दुसरी गोम म्हणजे बाजू. त्रिकोणासन एका बाजूला दाखवायचं आणि ‘आता दुसरीकडे तुम्ही करा’ म्हणून फिरायला लागायचं. वर्षानुवर्षं तीच बाजू ताणली जाते. सम तारखेला उजवी, विषम तारखेला डावी, एवढा नियम पुरतो. शक्य तिथे वर्गातल्या जाणत्या साधकाला पुढे बोलावून त्याच्याकडून दाखवावं, म्हणजे शिक्षकाला सगळ्यांकडे नीट पाहताही येतं.

आसनांमध्ये ढकलणं भरपूर आहे, ओढणं जवळजवळ नाही. चतुरंग दंडासन, श्वानासन, अधोमुख वृक्षासन, सगळ्यांत हात जमिनीला रेटतात. म्हणून खांद्याची पुढची बाजू कामाला लागते आणि पाठ मागे पडते. आठवड्यातून दोनदा रबरी बँड खिडकीच्या गजाला अडकवून कोपर मागे ओढायचे, 10-12 वेळा, तीन फेऱ्या. चालणंही हवंच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. संथ हठयोगाची बॅच शिकवण्यात दम लागत नाही, ती यात धरू नये. पर्वती जवळ असेल तर पायऱ्या चढा, नसेल तर इमारतीचा जिना आहेच.

झोपेबाबत शिक्षक स्वतःची समजूत काढतात की योगनिद्रेने भरून निघतं. विश्रांती मिळते, पण रात्रीची झोप भरून निघत नाही, आणि प्रौढ माणसाला सात तास लागतातच. संध्याकाळी उशिराची आणि लगेच पहाटेची बॅच अशी जोडी घेऊ नये. सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी शिकवलं तर पहाटेच्या बॅच सोमवार-बुधवार-शुक्रवारीच ठेवा, म्हणजे मधल्या रात्रीनंतर पहाट मोकळी मिळते. दुपारी तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटं डुलकी घ्यायला हरकत नाही.

नियमाग्रहाचं ब्रह्मानंदांनी हठप्रदीपिकेवरच्या ज्योत्स्ना टीकेत दिलेलं उदाहरण पहाटेच्या थंड पाण्याच्या स्नानाचं आहे. अंगात कणकण असताना तो हट्ट धरू नये, एवढं पुरे.

जनसंग मात्र मन थकवतो. बॅच संपली की दारातच ‘मॅडम, माझा गुडघा’, ‘सर, आईची शुगर’ सुरू होतं, आणि रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रे येतात. आठवड्यातला एक अर्धा तास प्रश्नांसाठी ठरवून द्यावा, ग्रुपवर रात्री आठनंतर उत्तर देऊ नये, आणि रिपोर्ट वाचून उपाय सांगू नयेत. ते आपलं काम नाही. नाही म्हणताना अपराधी वाटतं, कारण समोरच्याचं दुखणं खरं असतं. तरीही डॉक्टरांकडे धाडणं हीच त्यातली माया आहे.

राहिली उमेद. शिकवणं म्हणजे स्वतःचा सराव नव्हे. रोज तीस-चाळीस मिनिटं अशी हवीत की त्यात उद्याच्या बॅचची आखणी नाही, फोन नाही, आरसा नाही. दर आठवड्याला इंटरनेटवर पाहिलेला नवा क्रम आणणं हे लौल्यच. एक आसन महिनाभर धरा, त्याचे आधार, अडचणी, श्वास यांची वही ठेवा. आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या वर्गात मागच्या रांगेत विद्यार्थी म्हणून बसा, आणि आपण शिक्षक आहोत हे तिथे सांगू नका. आणि जमत असेल तर गाणं, बागकाम, पोहणं असं काहीतरी शिकायला घ्या, ज्यात आपण अगदी कच्चे आहोत. नवख्याला सूचना कुठे कळत नाही, ते तिथे परत समजतं.

या सगळ्याला पैशाचा आधार लागतो. फी तिमाही आणि आगाऊ घ्या, वर्षाच्या सुरुवातीलाच तीन आठवड्यांची रजा वेळापत्रकात छापा, आणि आजारपणात बॅच सांभाळेल असा एक शिक्षक ठरवून त्याचं मानधन आधीच बाजूला ठेवा.