‘लेडी मॉन्टगोमरी’ वाजवताना चेलो हवाच

स्कॉटिश फिडलवाल्यांच्या, म्हणजे लोकसंगीत वाजवणाऱ्या व्हायोलिनवादकांच्या, बैठकीत ‘लेडी मॉन्टगोमरी’ ही रील, म्हणजे द्रुत नाचाची चाल, आजही वाजते. तिचा रचनाकार उमराव घराण्यातला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. ह्यू मॉन्टगोमरी यांचा जन्म 1739चा. स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातल्या टारबोल्टनजवळचं कॉइल्सफील्ड हे त्यांचं घर. तरुणपणी ते हायलँड पलटणीतून अमेरिकेत लढले. 1780 मध्ये चित्रकार कॉप्लीने त्यांचं पूर्णाकृती चित्र काढलं, तेही त्याच हायलँड पोशाखात. पुढे ते एअरशायरचे खासदार झाले. त्याच मुलखातला कवी रॉबर्ट बर्न्स त्यांना ‘सोजर ह्यू’ म्हणायचा, म्हणजे शिपाईगडी ह्यू. तलवारीची गरज पडली तर हा माणूस धावून येईल, पण सभागृहात बोलायची वेळ आली की अडखळेल, असं बर्न्सने लिहून ठेवलंय. दूरच्या चुलतभावाच्या मृत्यूनंतर 1796 मध्ये ते एग्लिंटनचे बारावे अर्ल (हा सरदारकीचा किताब) झाले. त्यांनी वाडा नव्याने बांधला आणि आर्ड्रोसनचं बंदर उभारायला घेतलं. 1819 मध्ये ते वारले.

साधारण 1796च्या सुमारास एडिंबरात वादक-प्रकाशक नॅथॅनिएल गाऊने त्यांच्या चालींचा संग्रह छापला. त्यावर रचनाकाराचं नाव नाही, नुसतं ‘एका सद्गृहस्थाच्या रचना’ असं आहे. त्या काळात खानदानी माणसाने संगीत करावं, पण धंदेवाईक वादकासारखं छापील नाव मिरवू नये, अशी रीत होती. त्यामुळे जुन्या वह्यांमधून एखाद्या चालीचा कर्ता शोधताना शीर्षकावर विसंबू नका. ‘लेडी अमुक’ किंवा ‘मिस तमुक’ ही बहुतेक वेळा चाल जिला अर्पण केली ती व्यक्ती असते.

माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट त्या मुखपृष्ठावरच्या वाद्यांच्या यादीत आहे: पियानोफोर्ते (म्हणजे पियानो), व्हायोलिन आणि चेलो (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊबंद). मॉन्टगोमरी स्वतः चेलो चांगला वाजवायचे. अठराव्या शतकातल्या नाचाच्या बैठकीत फिडलला चेलोची साथ ही नेहमीची गोष्ट. खुद्द नील गाऊ या नामांकित फिडलवादकाबरोबर त्याचा भाऊ डोनाल्ड चेलोवर असायचा. आज आपण या चाली एकट्या व्हायोलिनवर किंवा गिटारच्या साथीने ऐकतो, तेव्हा रचनेचा अर्धा भाग गळलेला असतो.

चेलोवाल्याने काय करायचं? प्रत्येक ठोक्यावर एक आखूड स्वर द्यायचा. मूळ स्वर आणि त्याचाच वरच्या सप्तकातला जोडीदार, अशी उडी आलटून पालटून घेतली की नाचणाऱ्यांचे पाय आपोआप उचलले जातात. गज मधल्या भागात ठेवा, थोडाच ओढा आणि तारेवरच थांबवा. ऑर्केस्ट्रात शिकलेले वादक इथे स्वर लांबवतात आणि कंप देतात. त्याने ठोक्यांच्या मधली मोकळी जागा बुजते आणि चाल जड होते.

मॉन्टगोमरींची ‘एअरशायर लॅसेस’सारखी चाल स्ट्रॅथस्पे (रीलपेक्षा संथ, झटकेदार नाचाची चाल) म्हणून वाजवायची, तर फिडलवाल्याचं काम अवघड होतं. एका ठोक्यात लांब-आखूड अशी जोडी येते आणि मध्येच ती उलटून आखूड-लांब होते. हा उलटा झटका म्हणजे ‘स्कॉच स्नॅप’. आखूड स्वर ठोक्याचा एक चतुर्थांश असतो, एक तृतीयांश नव्हे. तो सैल सुटला की जॅझच्या झुल्यासारखं वाजू लागतं, आणि ही चूक सर्रास होते. उपाय म्हणजे गजाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाजवा, लांब स्वर संपताना गज क्षणभर थांबवा, पण तारेवरून उचलू नका. लांब-आखूड-आखूड-लांब अशा चार स्वरांत पहिला स्वर खाली ओढून पुढचे तीन एकाच वर जाणाऱ्या गजात घेण्याची एक पद्धत आहे. ती फिडलवादक स्कॉट स्किनरने नावारूपाला आणली, म्हणजे मॉन्टगोमरींच्या बऱ्याच नंतर. छान वाजते, पण प्रत्येक बारमध्ये (ठोक्यांच्या ठरावीक गटात) वापरली तर कंटाळा येतो.

स्ट्रॅथस्पेनंतर लगेच रील घ्यायची, ही जुनी प्रथा. विलंबितानंतर द्रुत घ्यावं तसंच हे, पण पायाचा ठोका जवळपास तोच राहतो. आजच्या स्कॉटिश कंट्री डान्समध्ये स्ट्रॅथस्पेचे 32 बार सुमारे एका मिनिटात होतात आणि रीलचे साधारण 35 सेकंदांत. स्ट्रॅथस्पेच्या बारमध्ये चार ठोके, रीलच्या बारमध्ये दोन. म्हणजे मिनिटाला आधी 128 ठोक्यांच्या आसपास आणि नंतर 110च्या आसपास. रील सुरू करताना वादक घाईत पाय वाढवतात आणि दुसऱ्या भागाशी पोचेपर्यंत बोटं गुंततात, कारण आता प्रत्येक ठोक्यात चार सारखे स्वर बसवायचे असतात. बदलाच्या बारमध्ये लय चेलोवाल्याने धरून ठेवायची आणि फिडलवाल्याने त्याच्याकडे कान द्यायचा.