गळका जोड

"मशीन खालून गळायलंय. एकानं बघून टबच फुटलाय म्हणून सांगितलंय. तुम्ही एकदा येऊन जा, मग काय ते ठरवू."

मे महिन्यातली दुपार. फोन करणारे सर लातुरात औसा रोडच्या आतल्या कॉलनीत राहतात. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांचा विद्यार्थी नाही, पण गावात सगळे सर म्हणतात म्हणून मीही म्हणतो. वॉशिंग मशीन दुरुस्त करायला लागून मला एकोणीस वर्षं होतील, आणि फुटलेला टब मी मोजून चार-पाच वेळा पाहिलाय. गळती मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला खालूनच दिसते. पाणी वर कुठंही निसटू दे, ओघळून येणार खालीच.

मागच्या खोलीत खिडकीखाली मशीन होतं. फ्रंट लोड, सात किलोचं. काकूंनी त्याच्या खाली एक ताट सरकवून ठेवलं होतं. सरांनी ताटातलं पाणी मापानं मोजून वहीत लिहिलेलं: एका धुण्याला सव्वा लिटर. हसू नका. त्या कॉलनीत तेव्हा नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही पहाटे, आणि बाकी सगळं टँकरवर.

सरांच्या घरात धुण्याचं पाणी गटारात जात नव्हतं. परसात चार पायऱ्या खाली एक हौद होता, अर्धा जमिनीत गाडलेला. मशीनचा ड्रेन पाइप खिडकीच्या कट्ट्यावर चढवून तिथून खाली हौदात सोडलेला. ते पाणी संडासाला आणि अंगण धुवायला. हौद कधीचा म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, "रेल्वेच्या साली बांधला."

लातुरात रेल्वेचं साल म्हटलं की 2016. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लागलेलं, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली, 10 वाघिणींत 5 लाख लिटर. त्या उन्हाळ्यात लोकांनी मशीनवर चादरी टाकून ठेवल्या होत्या. माझा धंदा इतका बसला की मी कूलर दुरुस्त करत फिरलो, आणि कूलरलाही पाणीच लागतं म्हणून तोही बसला. असो.

मशीन भिंतीपासून ओढायचं म्हणजे दोन माणसांचं काम. आत तोल सांभाळायला सिमेंटचा ठोकळा असतो, त्यामुळं वजन साठ किलोच्या पुढं. पुढच्या पायांखाली पोतं सारलं, सरांनी एका बाजूनं हात लावला, आणि मागची बाजू उजेडात आली. टब कोरडा. पंप कोरडा. पण ड्रेन पाइपवर, खिडकीच्या कट्ट्यापासून थेट खालपर्यंत, क्षाराचा पांढरा ओघळ वाळून बसला होता, भिंतीवर चुना ओघळावा तसा. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याची ही एक सोय आहे. गळती कुठून कुठं गेली ते ते पाणी स्वतःच लिहून ठेवतं.

ओघळाच्या मागं बोट नेत वर गेलो तर कट्ट्यावर जोड सापडला. मशीनसोबत आलेला पाइप हौदापर्यंत पुरत नव्हता, म्हणून होळीच्या सुमारास काकूंच्या भाच्यानं पुढं दुसरा पाइप लावला होता. एकाचं तोंड दुसऱ्यात कोंबलेलं, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, त्यावर बांधणीची तार. ट्यूब उन्हानं चिरली होती. तारेचा पीळ ओरबाडून हाताला लागत होता. पंप पाणी ढकलायचा तेव्हा जोडातून पिचकारी उडायची, पाइपच्या अंगावरून आत यायची आणि मशीनखाली थेंब थेंब पडायची.

"पहिल्या दिवसापासून थोडं गळायचंच," काकू म्हणाल्या. "आता लई वाढलंय."

टब फुटला म्हणणाऱ्याला मी नाव ठेवणार नाही. त्यानं मशीन ओढलंच नसणार, एवढंच.

गंजगोलाईच्या बाजारात जाऊन चार मीटरचा अखंड पाइप घेऊन आलो, मधे जोड नसलेला. पाइप बदलणं हे अर्ध्या तासाचं काम, पण त्यातली वीस मिनिटं पाणी काढण्यात जातात. आधी प्लग काढायचा, पाण्याची तोटी बंद करायची. मग समोर खाली जे छोटं झाकण असतं ते उघडून परात धरायची आणि फिल्टर हळूहळू सैल करायचा. घाई केली तर पंपात उरलेलं दीड-दोन लिटर पाणी फरशीवर. फिल्टरमधून एक रुपयाचं नाणं, ब्लाउजचे दोन हूक आणि एक सेफ्टी पिन निघाली. नाणं काकूंनी धुऊन देवघरात ठेवलं, मला दिलं नाही.

पंपाच्या तोंडावर पाइप तारेच्या क्लिपनं धरलेला असतो. क्लिपचे दोन्ही कान पकडीनं दाबून मागं सरकवायचे आणि पाइप ओढायचा नाही, आधी पिळायचा. रबर जुनं झालं की तोंडाला असं चिकटतं की ओढणारा पंपाचं प्लास्टिकच तोडून बसतो. मी नवशिका असताना तोडलंय, आणि नव्या पंपाचे पैसे पगारातून गेलेत. इथं पाइप नीट निघाला. नवा बसवला, क्लिप मूळ खाचेत सोडली, पाइप कट्ट्यावरून नेऊन टोक हौदात पार खाली सोडलं, म्हणजे पाणी बाहेर उडू नये.

आता तपासणी. खरं म्हणजे अशा वेळी एक पूर्ण धुणं लावून बघावं. पण एका धुण्याला पाच-सहा बादल्या पाणी जातं, आणि समोर वहीत सव्वा लिटर लिहिणारा माणूस बसलेला. माझं मन झालं नाही. साबणाच्या कप्प्यातून पाच-सहा तांबे पाणी ओतलं, पाणी काढायचं बटण दाबलं. पंप घरघरला, पाणी हौदात गेलं, जोड नाही की गळती नाही. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं ते कोरडं ठाक. पाइप आणि मजुरीचे पैसे घेतले, चहा घेतला आणि निघालो.

संध्याकाळी सातला काकूंचा फोन.

"मिस्तरी, धुणं झालं, पण खळबळायला पाणीच घेईना मशीन. एरर दाखवायलंय."

मी गाडीवर होतो. फोनवरच सांगून टाकलं, पाणी आत येतं त्या नळीच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यात क्षार अडकला असेल, जाळी घासून धुवा आणि परत चालू करा. आमच्याकडं दहातल्या आठ वेळा हेच असतं. मलाही तेच वाटलं, कारण मला तेच वाटायची सवय आहे.

साडेआठला परत फोन. या वेळी सर. आवाज शांत होता, आणि शांत आवाजाची मला जास्त भीती वाटते.

"जाळी स्वच्छ आहे. चार वेळा चालू केलं. टाकी निम्मी झालीय आणि हौद वाहायला लागलाय."

गेलो. परसात अंधार, पेरूच्या बुडाशी चिखल, हौदाच्या काठावरून साबणाचं पाणी संथ वाहतंय. मशीनला पाचव्यांदा खळबळायला लावलं आणि कान देऊन उभा राहिलो. आत पाणी पडल्याचा आवाज येतोय. पंपाची घरघर नाही. पंप बंद आहे. तरी हौदात पाइपच्या टोकाशी पाणी गडगडत बाहेर पडतंय.

मी पाइपचं टोक हौदातून उपसून डोक्याच्या वर धरलं. पाणी थांबलं. खाली नेलं तर थोड्या वेळानं, पंपाची एक फेरी झाल्यावर, परत सुरू.

तेव्हा डोक्यात शिरलं. लहानपणी शेतात इंजिनासाठी बॅरलमधून डिझेल काढायचो, नळीचं एक टोक बॅरलमध्ये, दुसरं तोंडात धरून एक झुरका, की टोक खाली केलं. मग बॅरल रिकामं होईपर्यंत डिझेल आपोआप येत राहायचं. तोंडात जी चव राहायची ती भाकरीनंही जात नसे. आणि नळीला वरच्या वाकाशी चीर गेली असली तर कितीही ओढा, नुसती हवा यायची.

"वक्रनलिका!" सर मागून म्हणाले. त्यांनी पायरीवर टॉर्च धरला होता. "आठवीला शिकवायचो मी ही." आणि मग स्वतःवरच चिडल्यासारखे, "दिवसभर डोळ्यांपुढं होती."

झालं होतं ते असं. पहिलं धुणं संपून पंपानं पाणी बाहेर ढकललं की पाइप काठोकाठ भरतो. हौद टबाच्या पुष्कळ खाली. पंप थांबला तरी पाइपमधलं पाणी स्वतःच्या वजनानं खाली ओढतच राहतं, आणि खळबळायला जेवढं नवं पाणी टबात येतं तेवढं त्याच वाटेनं निघून जातं. पातळी गाठली जात नाही, ठरलेली मिनिटं संपली की मशीन पाणी आलं नाही असं समजून थांबतं. पाणी येत होतं आणि जात होतं.

मग तीन महिने हे का झालं नाही? कारण भाच्याचा जोड. तो बरोबर सगळ्यात उंच जागी होता, कट्ट्यावर, आणि तो कधी घट्ट बसलाच नव्हता. पंप चालू असताना त्यातून पाणी बाहेर यायचं, पंप थांबला की त्याच फटीतून हवा आत शिरायची आणि खाली ओढणारी धार तुटायची. सव्वा लिटर गळत होतं म्हणून मशीन चालत होतं. मी तो जोड काढून अखंड पाइप घातला आणि शिवाय टोक हौदात पार तळाशी सोडलं.

हे मी सरांना सांगितलं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"म्हणजे आमच्या भाच्यानं बांधलेलं बरं होतं की वो."

याला उत्तर नव्हतं. मी टँकरच्या पाण्याचे पैसे देतो म्हणालो. सरांचा हिशेब दोनशे लिटरच्या पुढं गेला होता. काकू म्हणाल्या, "पाण्याचे पैसे घेत नसतेत." त्या रात्री धुणं त्यांनी हातानं पिळलं, मी दोरीवर टाकायला मदत केली. एकोणीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या चादरी मी पहिल्यांदाच वाळत घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन इंची पीव्हीसी पाइप घेऊन गेलो. मशीनमागं भिंतीला लावून अडीच फूट उंच उभा केला, वरचं तोंड उघडं. खालून एल्बो घालून जुन्या मोरीच्या भोकातून उताराने हौदापर्यंत नेला. ड्रेन पाइपचा आकडा त्या उघड्या तोंडात चार-पाच इंच फक्त, सैल. आता पंप पाणी त्या उंचीवर आणून सोडतो आणि तिथून पुढं ते मोकळं पडतं. भोवती हवा असते, त्यामुळं धार मागून काही ओढू शकत नाही. बहुतेक फ्रंट लोडच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, ड्रेन पाइप जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटरवर ठेवा म्हणून. ती पुस्तिका मशीनच्या पिशवीत असते आणि पिशवी माळ्यावर.

या वेळी पूर्ण धुणं लावलं. सर स्टूल घेऊन बसले. खळबळायला पाणी भरलं, थांबलं, फिरलं, गेलं. दोनदा. हौदात फक्त पंप चालू असतानाच पाणी आलं.

मी हत्यारं आवरत असताना सरांनी त्या उघड्या तोंडाकडं बघून विचारलं, "इथं एम-सील लावून बंद केलं तर? डास होतील, वासही येईल."

नको म्हणालो. बंद केलं की परत कालचाच खेळ. वाटलं तर वर मच्छरदाणीचं कापड सैल बांधा.

सर आत गेले, मार्कर घेऊन आले, आणि पांढऱ्या पाइपवर, फळ्यावर लिहावं तशा गोल अक्षरात लिहिलं: "हे तोंड बंद करू नये." खाली तारीख घातली. मग काकूंना हाक मारून म्हणाले, "भाच्याला सांग, याला हात लावायचा नाही."

"त्याला कशाला सांगायचं," काकू आतून म्हणाल्या, "मिस्तरीलाच सांगा."